येनाच्या टेकडीवरचा गडगा

मी गडगा बोलतोय. जर्मनीतल्या येना शहरामागची टेकडी पाठीवर घेऊन उभा आहे. नुसत्या दगडांचा बांध मी, पण ‘गडगा’ हे नाव मला सुधीरने दिलं. तो रत्नागिरीकडचा, इथे भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर.

माझा जन्म १९३१चा. मंदीने कारखाने बंद पडले होते. कामाविना हिंडणाऱ्या पोरांना टेकडीची माती धरून ठेवायच्या कामाला लावलं. त्यांच्या पोटात भूक आणि हातात माझे दगड. चुना नाही, चिखल नाही. दगडावर दगड, आणि फटींतून पाण्याला वाट. पुढे ती पोरं कुठे गेली, मला कळलं नाही. माती मात्र मी सोडली नाही.

मग लोक मला विसरले. अंगावर काटेरी झुडपं वाढली, पोट फुगलं, एक तुकडा ढासळला. शेवटी इथल्या काही रहिवाशांनी मंडळ काढून मला सावरायला घेतलं. सुधीर दर शनिवारी यायचा. ढासळलेला तुकडा त्याने अर्धा रचला, आणि गेल्या हिवाळ्यात अपघातात तो गेला.

थंडी सरल्यावर त्याचा धाकटा भाऊ श्रीरंग आला. इथल्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणारा. खांद्यावर सिमेंटची गोणी. मागून सुधीरची बायको, चारुलता, चढण चढत येईपर्यंत याने उरलेले दगड रचून फटी लिंपायलाही घेतल्या होत्या.

"अहो भावोजी, हे काय चालवलंय?"

"दादाचं काम आता कधीच पडणार नाही, वहिनी. गावी सगळे सिमेंटच लावतात."

"गावी बर्फ पडतो का? पाणी मागे तुंबेल, गोठेल आणि सगळा बांध फोडेल. तुमचे दादा रोज जेवताना हेच ऐकवायचे. काय सांगू, पोळी थंड व्हायची, पण यांचा गडगा संपायचा नाही!"

श्रीरंगने थापी भिरकावली. "मग मी करू तरी काय त्याच्यासाठी?"

तो माझ्या अंगावर कोसळला आणि ढसाढसा रडला. वहिनीने त्याला रडू दिलं. मग बाही वर सारून म्हणाली, "ओलं आहे तोवर खरवडू या. उद्या छिन्नी लागेल."

दोघांनी दगड न् दगड धुतला. पुढचे कित्येक शनिवार श्रीरंग एकेक दगड फिरवून, बसवून बघत राहिला. चिडायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा उचलायचा. तुकडा पुरा झाला.

परवा जोराचा पाऊस झाला. श्रीरंग एप्रनवरच धावत आला. दादाच्या दगडांतून आणि त्याच्या दगडांतून पाणी सारखंच ठिबकत होतं. त्याने खाली ओंजळ धरली, आणि मग ओल्या हातानेच फोन लावला.

"वहिनी, वाहतंय!"

मी सुखात आहे. कधी या टेकडीवर आलात, तर मला टेकून खुशाल बसा. फक्त माझ्या फटी बुजवू नका.