टिलीचे बावीस गुण

"पाच! फक्त पाच माद्या!" मर्ना झिमरने नोंदणीचे कागद टेबलावर आपटले. "पेनसिल्व्हेनियातल्या बाकीच्या कुत्र्या काय आज झोपा काढतायत?"

एकच मादी आणखी आली असती, तर माद्यांचा वर्ग वेगळा झाला असता. क्लबचा नियमच होता तसा. सहा माद्या भरल्या नाहीत, तर नर-माद्या सगळ्या एकाच वर्गात पळवायच्या. आखूड पायांच्या डॅशहंड कुत्र्यांच्या या क्लबची सेक्रेटरी म्हणून एकवीस वर्षं मर्नानेच हा नियम लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता. आता तो तिच्याच बोकांडी बसला. तिच्या टिलीला सतरा नरांशी सामना होता, आणि त्यात व्हर्जिल स्टॅम्बॉचा बुलेटही होता.

"अगं, रडतेस कशाला?" कॉफीचा कप घेऊन व्हर्जिल टेबलाशी आला. "वर्ग जेवढा मोठा, तेवढे पहिल्या नंबराला गुण. बावीस कुत्री, बावीस गुण. चॅम्पियन व्हायला तुला आणखी वीसच हवेत ना?"

"मला नाही, टिलीला."

"तेच गं. नुसत्या माद्यांच्या वर्गात सहा मिळाले असते, सहा! आता फक्त माझ्या बुलेटला हरवायचं. मग झालंच की!" आणि मेला खो खो हसला.

पण बोलला ते खोटं नव्हतं. टिली दहा वर्षांची झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की हा हंगाम शेवटचा, पुढे तिच्या पाठीला धावणं झेपायचं नाही. आणि आजची ही हंगामातली शेवटची स्पर्धा. दुसऱ्या नंबराला निम्मेच गुण. म्हणजे पहिला नंबर, नाहीतर काहीच नाही.

कॉफीच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या, जोड्या लागल्या. माणसं काठ्या घेऊन एका ओळीत रानात शिरली. झुडपं बडवायची, ससा उठला की "टॅलीहो!" म्हणून आरोळी ठोकायची, आणि ससा दिसेनासा झाला की जोडीतली दोन कुत्री त्याच्या मागावर सोडायची. सशाच्या केसालाही धक्का लागत नाही. नाकाने माग किती खरा धरला, एवढंच परीक्षक बघतात. टिली गोगलगायीला लाजवेल अशी चालली, पण पाऊलभरसुद्धा चुकली नाही. बुलेट तर सुसाटच. दुपारी परीक्षकांनी पहिल्या नंबरासाठी पुन्हा जोडी बोलावली, ती नेमकी टिली आणि बुलेटची!

"टॅलीहो!" क्लबचा अध्यक्ष ओटिस बेंबीच्या देठापासून ओरडला. "तो बघा, सरळ कुंपणाकडे गेला!"

दोन्ही कुत्री त्या जागी आणून सोडली. बुलेट भुंकत तीरासारखा कुंपणाकडे सुटला. एक परीक्षक त्याच्यामागे पळाले. टिलीने मात्र चार पावलं टाकली, थबकली, पुन्हा हुंगलं आणि वळून चक्क डावीकडे निघाली. निघाली ती निघाली, वर गळा काढून भुंकायला लागली.

सशाचा माग सोडून भलतीकडे जाणं म्हणजे स्पर्धेतून बादच.

"अगं हाक मार तिला!" व्हर्जिल कानाशी कुजबुजला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "दुसरा नंबर तरी वाचव, मर्ना. भर सभेत हसं होईल तिचं."

टिलीचं नाव मर्नाच्या ओठांवर आलं होतं. एक हाक मारली असती तर ती गुणी बाई मुकाट परत आली असती. पण ओटिसने दुरून पाहिलं होतं, टिली नाकाने बघत होती. दहा वर्षं त्या नाकाने तिला एकदाही फसवलं नव्हतं. आणि ओटिस? तो तर स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा प्राणी! मर्नाने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

टिली खडीच्या वाटेपाशी अडली. भुंकणं थांबलं. एक फेरी मारली, दुसरी मारली. मागच्या लोकांत कोणीतरी चुकचुकलं. मर्नाला वाटलं, संपलं सगळं. एवढ्यात वाटेच्या पलीकडून टिलीचा आवाज पुन्हा उठला, पहिल्यापेक्षा खणखणीत, आणि ती काटेरी जाळीत घुसली.

जाळीच्या दुसऱ्या टोकातून ससा टुणकन उडाला, तो थेट टिलीमागे आलेल्या दुसऱ्या परीक्षक बाईंच्या बुटांवरून! त्या बाई गंभीर चेहऱ्यासाठी चार जिल्ह्यांत प्रसिद्ध. त्यासुद्धा किंचाळल्या, "शाब्बास गं पोरी!"

तिकडे बुलेट अजून कुंपणाशी उभा राहून रिकाम्या शेतावर भुंकत होता.

ओटिसचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "पहिल्यांदा कुंपणाकडेच गेला होता हो," तो पुटपुटला. "मग... मग माझी टोपी पडली."

संध्याकाळी सगळे चिकन-मक्याचं सूप ओरपत क्लबघरात बसले. परीक्षकांनी निकालाचा कागद नेहमीप्रमाणे सेक्रेटरीच्या हातात दिला. निकाल वाचायचा तिनेच. मर्नाने चौथा नंबर वाचला, तिसरा वाचला. "दुसरा, व्हर्जिल स्टॅम्बॉ यांचा बुलेट." टाळ्या पडल्या. मग पुढची ओळ आली, आणि एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या कुत्र्यांची नावं खड्या आवाजात वाचणाऱ्या या बाईच्या घशातून आवाजच फुटेना. दोनदा प्रयत्न केला. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं.

व्हर्जिल उठला. त्याने तिच्या हातातून कागद अलगद काढून घेतला, खुर्चीवर चढला आणि खिडकीच्या काचा हादरतील अशा आवाजात ओरडला, "पहिला नंबर, बावीस गुण! उठा रे सगळे, उभे राहा! चॅम्पियन टिली!"