आवडाबाईचा हात

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या आवडाबाईनं जन्मात तराजू धरला नाही. बाजारात ती हातानंच मासळीचे वाटे लावायची. एखाद्या खवचट गिऱ्हाइकानं शेजारच्या भाजीवाल्याकडे नेऊन दोन वाटे जोखलेच, तर दोन्ही सारखेच भरायचे आणि गिऱ्हाईक मुकाट पिशवी उघडायचं. चिंबोऱ्यांचं तर विचारूच नका. सुतळीनं बांधलेल्या खेकड्यात जीव आहे की नाही, हे बघून कळत नाही. तिच्या हाताला कळायचं. मेलेली चिंबोरी काट्यावर होती तेवढीच भरते, पण आवडाबाईच्या तळव्यावर ती पावपट जादा जड लागायची. असं का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तशी चिंबोरी ती बाजूला टाकायची, बस्स.

ह्याच हातानं ती वाड्यातल्या पोटुशींची पोटंही जोखायची. पोर तीन किलोचं, असं ती म्हणाली की बाळंतपणानंतर इस्पितळातला काटाही तीनच दाखवायचा. एवढा मान असताना आपल्याच सुनेनं, बायजानं, सोनोग्राफी करून यावं हे तिला चांगलंच झोंबलं. १९९२ साली त्या यंत्राचं वाड्यात भारी कौतुक. तिचा मुलगा आनंदा ह्यानं कागद वाचून दाखवला. पोराचं अंदाजे वजन दोन किलो आठशे.

"माझा हात काय मेला होता?" असं म्हणत तिनं बायजाला चटईवर निजवलं आणि पोटाखाली तळवा सरकवला.

साडेतीन. तिनं हात पदराला पुसला, पुन्हा लावला. साडेतीनच.

"हलते काय गो?"

"हलते की. सकाळपासून लाथा मारते."

आवडाबाईनं हात काढून घेतला. दोन आठशेवर पावपट चढवली की साडेतीन होतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ती सूतिकागृहाच्या डॉक्टरपुढे बसली. "ती मशीन चुकते काय कदी?"

डॉक्टर हसला. "आजी, मशीन बाळाला तोलत नाही. डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं आणि त्यावरून वजन काढतं. किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे व्हायचेच."

"आनि सातशे?"

"क्वचित तेवढंही चुकतं. पण ठोके उत्तम आहेत. काळजी कसली करता?"

काळजी कसली, ते सांगण्यासारखं नव्हतं. काल ज्या यंत्राला तिनं शिव्या घातल्या, ते खोटं ठरावं म्हणून आता तिनं एकवीरेला कोंबडा बोलला. पोर काट्यावर साडेतीन भरलं की झालं. मग हात बरोबर, यंत्र चूक, आणि पोराला काही धाड भरलेली नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बायजा बाळंत झाली. मुलगा. रडला तो असा की बाहेर बसलेला आनंदा ताडकन उभा राहिला. आवडाबाई नर्सला न जुमानता आत शिरली आणि काट्यापाशी जाऊन उभी राहिली. काटा थरथरला, थांबला.

"दोन किलो आठशे," नर्स म्हणाली.

डॉक्टर खूश. इतका नेमका अंदाज त्याचा आजवर आला नव्हता. आनंदा पेढे आणायला पळाला. नर्सनं पोराला दुपट्यात गुंडाळलं आणि आजीच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलं.

लालबुंद, ऊनऊन पोर. मूठ चोखत होतं. आणि तिचे हात त्याच्या भारानं खाली गेले.

साडेतीन.

"आई," बायजानं खाटेवरून थकल्या आवाजात विचारलं, "तुझे हाताला किती भरला?"

चाळीस वर्षांत आवडाबाईनं खोटं वजन सांगितलं नव्हतं.

"दोन आठशे," ती म्हणाली.

बायजा हसली आणि तिनं डोळे मिटले. नर्सनं पोराला पाळण्यात ठेवायला हात पुढे केले, पण आवडाबाईनं ते दिलं नाही. ती स्टुलावर टेकली, पोराला मांडीवर घेतलं, त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि एकेक श्वास मोजत बसली.