मधमाश्यांना न सांगितलेली बातमी

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो, आणि तीही उपडी. फळे किंवा भाजी माझ्यात कधी पडली नाही. माझ्या पोटात मधमाश्या राहत. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या समुद्रकड्यावर गेरन्स घराण्याचे दगडी घर आहे. तिथल्या एनोक माळ्याने मला गव्हाच्या काड्यांनी विणले आणि बागेच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसवले. मध माझा असे आणि कौतुक स्वयंपाकिणीचे होई.

आमच्याकडे एक रीत होती. घरात कुणी वारले, की घराची मोठी किल्ली आणून माझ्यावर तीनदा हलकेच ठोकायचे, मधमाश्यांना मेलेल्याचे नाव सांगायचे आणि मला काळी फीत बांधायची. सांगितले नाही किंवा खोटे सांगितले, तर माश्या निघून जातात आणि घराचे वाटोळे होते, असे सगळे मानत. थोरले साहेब समुद्रात बुडाले, तेव्हा एनोक रडत रडत सांगून गेला.

पुढच्या वर्षी त्यांची पत्नी एलिनबाई आपल्या दिरासोबत परदेशी गेल्या. धाकटे साहेब एकटेच परतले. वहिनी तापाने गेली, म्हणाले. एलिनबाईंच्या सहा वर्षांच्या वेन्नाला काळे कपडे शिवले गेले, पण माझ्याकडे कुणीच आले नाही. मी रोज वाट पाही.

मग वेन्नाला शिकवायला केझायाबाई आल्या. गरीब, काटकुळ्या, पण ताठ मानेच्या. साहेब देखणे आणि बोलायला गोड. बाईंचा जीव त्यांच्यावर जडला. साहेबांनी लग्नाचे विचारले, त्याच आठवड्यात बाईंची नजर माझ्यावर गेली.

“एनोककाका, एलिनबाईंची फीत कुठाय?”

“मला कुणी सांगायला पाठवलंच नाही, बाई. साहेब म्हणाले, म्हातारचळ पुरे. तुम्ही नका हो यात पडू. कालपासून साहेबांनी फाटकाला कुलूप लावलंय, कुणाला बाहेर जाऊ देत नाहीत, दिसलं ना?”

“दिसलं. म्हणून तर विचारतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साहेबांना घेऊनच आल्या.

“उत्तर हवंय ना माझं? आधी माश्यांना सांगा.”

“एवढी शिकलेली तू, आणि हे खूळ?” साहेब हसले.

“माझं राहू द्या. तुम्ही इथं वाढलात. दोनच शब्द आहेत. ‘एलिन वारली’ म्हणा.”

साहेबांनी आपल्या जुडग्यातल्या मोठ्या किल्लीने तीनदा ठोकले. परगावचा माणूस खुशाल खोटे बोलून मोकळा झाला असता. पण लहानपणी एनोकचे बोट धरून, आपल्या आईची बातमी सांगायला, हेच साहेब माझ्यापुढे उभे राहिले होते.

“एलिन...” ते म्हणाले. पुढे शब्द फुटेना. आत माश्यांची घुंघुं वाढली.

“कुठं ठेवलंय त्यांना?” बाईंनी विचारले.

“बरी आहे ती. तिकडं परदेशीच, वेड्यांच्या इस्पितळात. खोली आहे, डॉक्टर आहे. केझाया, हे घर तिचं आणि तिच्या पोरीचं. मला काय उरलं होतं? आता तू आहेस. कुणाला कळणार नाही.”

“मला कळलंय ना.” बाई म्हणाल्या. “माझं प्रेम आहे तुमच्यावर, खोटं नाही सांगत. पण त्या पोरीकडून रोज मेलेल्या आईसाठी प्रार्थना म्हणवून घेते मी. आणि आई जिवंत आहे.”

साहेब भिंतीशी तोंड ओंजळीत लपवून बसले. त्यांच्या हातातून पडलेली किल्ली बाईंनी उचलली. त्याच जुडग्यात फाटकाचीही किल्ली होती. बाई हे योजून आल्या होत्या की काय, कोण जाणे. वेन्नाला कडेवर घेऊन त्या पायीच न्यायाधीशांकडे गेल्या.

एकोणीस दिवस मला चैन नव्हते. साहेब त्यांच्या मागे लागतील का? न्यायाधीशांची माणसे पोचेपर्यंत एलिनबाई जगतील का? साहेब बोटीने कुठेसे निघून गेले. विसाव्या दिवशी फाटक वाजले. केस कापलेल्या, ओळखू न येण्याइतक्या खंगलेल्या, भिंतीला धरून चालणाऱ्या एलिनबाई आत आल्या. वेन्ना केझायाबाईंच्या झग्यामागे लपली.

“ह्या कोण?” तिने विचारले.

बाईंनी आपल्या झग्यावरची तिची बोटे एकेक करून सोडवली आणि तो हात आईच्या हातात दिला.

आता लाकडी पेट्या आल्या. मी छपरात पडले आहे आणि उंदीर माझ्या काड्या कुरतडतात. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, हे मागणे आहेच. पण घरातले कुणी दिसेनासे झाले आणि मोठ्यांनी विषय बदलला, तर पुन्हा विचारा. उत्तराने आपलेच मन मोडणार असले, तरी विचारा.