ओट्याएवढे वाफे

आशालताबाई वांग्याच्या वाफ्यात घसरून पडल्या तेव्हा घरात कुणीच नव्हतं. मुलगा मनीष आणि सून किमया, दोघंही हिंजवडीला ऑफिसात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आशालताबाईंना खाली बसता यायचं नाही, म्हणून त्या वाकून तण उपटत होत्या. आषाढातला चिखल, पाय सटकला. कुंपणाची तार धरून कशाबशा उठल्या, साडी बदलली, आणि कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. पण संध्याकाळी मनीषला खरचटलेलं कोपर दिसलंच.

"बास आता, आई. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकून घेतो. भाजी काय, बाजारात मिळते."

आशालताबाईंनी पदरानं कोपर झाकलं. बार्शीचं घर सोडून पुण्याजवळच्या भरे गावात मुलाकडे आल्यापासून त्यांचं असं म्हणायला हे अंगणच होतं, आणि तेही दाद देत नव्हतं. बांधकामाच्या राडारोड्यावर पसरलेली चिकट माती. मुळशीच्या पावसात तिच्यात पाणी तुंबायचं. गेल्या वर्षी मेथी सडली, यंदा भेंडी पिवळी पडली. मुलाशी भांडायचं तर कशाच्या जोरावर?

भांडली किमया. "पेव्हर नको. आईंना वाकता येत नाही, तर वाफे वर उचलू. ओट्याएवढे."

"आणि परत पडली तर?"

"पडतील म्हणून घरात बसवून ठेवायचं का त्यांना?"

आशालताबाई सुनेकडे बघतच राहिल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण दोघींचं बोलणं डबा आणि किल्ली यांच्यापलीकडे फारसं गेलं नव्हतं.

शनिवारी दोघी पिरंगुटला गेल्या. तिथं रस्त्याकडेला पप्पू नावाचा एकजण जुने निळे ड्रम विकायचा.

"ह्यात औषध-बिवषध नव्हतं ना रे?" आशालताबाईंनी विचारलं.

"न्हाई हो मावशी, आंब्याचा रस व्हता. वास घिऊन बघा की."

दोघींनी खरंच एकेका ड्रममध्ये डोकं घातलं. किमया आतूनच ओरडली, "हापूस!" तिचा आवाज असा काही घुमला की आशालताबाईंना हसू आवरेना.

पप्पूनं ड्रम मधोमध चिरून दिले, बुडाला भोकं पाडली. मनीषनं कुरकुरत का होईना, ते अर्धे ड्रम सिमेंटच्या ब्लॉकांवर आडवे बसवले. नुसती अंगणातली माती भरली असती तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून आशालताबाईंनी जवळच्या रिहे गावातल्या भातगिरणीतून तूस मागवलं, त्यात शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला. माती हातात भुसभुशीत लागली.

पहिली मेथी मात्र उगवण्याआधीच मुसळधार पावसानं वाहून गेली. आशालताबाई दोन दिवस मागं फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी किमयानं ड्रमांवर हिरवी जाळी ताणली आणि बियांची पुडी त्यांच्या हातात ठेवली.

या वेळी मेथी टिकली. पाणी भोकांतून निघून जात होतं, मुळं मोकळी वाढत होती. दोडक्याचे वेल तारेवर चढले, नवी भेंडी धरली. भाद्रपदात रोज टोपलीभर भाजी निघू लागली. एवढी तर सबंध अंगणानं कधी दिली नव्हती. आशालताबाई उभ्यानं खुरपायच्या, दमल्या की तिथंच खुर्चीवर टेकायच्या. शेजारची जुईली दोडके घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी ड्रम कुठं मिळतात ते विचारायला आली. मनीष ऑफिसातून आला की कच्ची भेंडी तोडून खायचा आणि वर म्हणायचा, "मीठ असतं तर मजा आली असती."

एका रविवारी एक ड्रम रिकामा झाला.

"ह्यात सांबार लावू या का, आई?" किमया म्हणाली.

"सांबार? इडलीसोबतचं?"

"अहो, आमच्या अमरावतीला कोथिंबिरीला सांबार म्हणतात."

"मग इतकी वर्षं कधी बोलली नाहीस ती!"

"भीती वाटायची तुमची. मुद्दाम कोथिंबीर म्हणायचे."

आशालताबाईंनी मूठभर धणे ओट्यावर घेतले आणि वाटीच्या बुडानं हलकेच रगडले. "ये इकडं. अशा दोन फोडी करून पेरले की सांबार चांगला उगवतो," त्या म्हणाल्या.