वडाच्या सपाटीवरचा हादरा

बोर्लीहून दिघीच्या धक्क्याला जाणारी चांगदेवशेठची मोटार वडाच्या सपाटीला आली की हादरायची, आणि त्या हादऱ्यावरच कोंडाजी ड्रायव्हरची सगळी पत उभी होती. चढ संपून मोटारीनं वेग घेतला की इंजिनात थरथर भरायची, काचा खडखडायच्या, टपावरच्या टोपल्या नाचायला लागायच्या. बाया दांडीला धरून ओरडायच्या, "कोंडाजी, सांभाळ रं बाबा!" मग कोंडाजी काय करायचा, तर पाय दाबून मोटार त्या वेगाच्या पुढं काढायचा. थरथर थांबायची. एवढंच काम. पण धक्क्यावर उतरताना सोनाबाई कोळीण त्याच्या हातावर चार बोंबील ठेवून म्हणायची, "तू हायस म्हून आमी पोचतो." वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर कुणाचं डोकं जाग्यावर राहील?

आणि चौतीस साली शेठनं मुंबईहून शिवदासला बोलावलं.

शिवदास मुंबईच्या मोटार कारखान्यात शिकलेला, वयानं लहान, बोलायला गोड. येताना त्यानं गोणपाटात गुंडाळून एक जड लोखंडी चाक आणलं होतं. "याला बॅलन्सर म्हणतात," त्यानं शेठला सांगितलं. "इंजिनाच्या दांड्याला फिरताना पीळ बसतो, म्हणून गाडी थरथरते. दांड्याच्या टोकाला हे चाक बसवलं की तो पीळ हेच खाऊन टाकतं. मग मोटार कुणीपण चालवावी."

ते 'कुणीपण' कोंडाजीला घशात काटा अडकावा तसं अडकलं.

बरं, शेठनं या पाहुण्याची सोय केली ती कोंडाजीच्याच घरी. राही, म्हणजे कोंडाजीची बायको, एरवी नवऱ्याला कालची आमटी वाढणारी. तिनं पाहुण्याच्या ताटात सुरमईची मधली तुकडी वाढली आणि नवऱ्याला शेपटी. "खा हो भावजी, मुंबईत कुठलं ताजं मिळतं," म्हणाली. कोंडाजीनं शेपटी निमूट चघळली. पोटात दुखत होतं ते मासळीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी शेठच्या वखारीसमोर काम निघालं. शिवदासनं मोटारीच्या तोंडावरची जाळी उतरवली, दांड्याचं टोक पुसून घेतलं, खाचेत छोटी पाचर बसवली आणि चाक टोकाला लावलं. ते बोटभर गेलं आणि अडकलं. कोंडाजीला मनातून गुदगुल्या झाल्या. त्यानं हातोडा उचलला.

"हो बाजूला. दोन घाव घातले की बसतंय का न्हाय बघ."

"नको दादा," शिवदास मऊ आवाजात म्हणाला. "ठोकलं की आतलं रबर फाटतं, दांडाही दुखावतो. याला ओढून घ्यावं लागतं. तुम्ही असं करा, गिअर घालून ब्रेकवर पाय ठेवून बसा. दांडा फिरायला नको."

म्हणजे बघा, मोटार कोंडाजीची, जागा कोंडाजीची, आणि काम काय, तर ब्रेक दाबून बसायचं. समोर शिवदास लांब बोल्ट घालून पान्यानं नट आवळत होता. थोडं आवळायचा, थांबायचा, चाकावर तळहात ठेवायचा, पुन्हा आवळायचा. चाक केसाकेसानं आत सरकत होतं. शेठ पान खायचंसुद्धा विसरून बघत उभा होता. "हाताला गुण हाय पोराच्या," तो म्हणाला. कोंडाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तळपाय ब्रेकवर होता, उचलता येईना.

काम झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी शिवदास मुंबईच्या बोटीला निघाला. टपावर त्याची ट्रंक, पुढं शेठ, मागं बाया आणि शिवदास. एक तासात ही ब्याद समुद्रापार जाणार होती. कोंडाजीनं नुसतं गप्प बसून मोटार हाकायची होती.

सपाटी आली. बायांनी सवयीनं दांड्या धरल्या. मोटार लोण्यासारखी निघाली. काच वाजली नाही, टोपली हलली नाही. सोनाबाईनं दांडी सोडली आणि शिवदासकडं वळून म्हणाली, "तुझ्या आईचं कल्याण होवो रं लेकरा." कोंडाजीचं नाव कुणाच्या तोंडातून निघालं नाही.

हे काही त्याला सोसलं नाही. त्यानं क्लच अर्धवट सोडला, दाबला, पुन्हा सोडला. मोटारीनं असे गचके खाल्ले की शेठचं डोकं काचेवर आपटलं.

"कोंडाजी, सांभाळ रं!" बाया ओरडल्या.

कोंडाजीनं पाय आवरला. मोटार शांत झाली. त्याच्या जिवाला कसं गार वाटलं.

धक्क्यावर शेठ कपाळ चोळत उतरला. "चाकात खोट हाय, शिवदास."

"चाकात नाही, शेठ."

"मग कशात?"

शिवदासनं कोंडाजीच्या पायाकडं पाहिलं. कोंडाजीनं समुद्राकडं पाहिलं. 'शेठ, पाय माझा होता,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बोटीचा भोंगा वाजला.

"कशात का असेना," शेठ म्हणाला. "आता तू जायचं न्हाईस. नोकरीला ठेवला तुला. उद्यापासून मोटार तूच चालव, म्हणजे बिघडतंय कुठं ते कळंल. कोंडाजी बसंल शेजारी."

शिवदासनं टपावरची ट्रंक खाली घेतली. सोनाबाई पाटी सावरत आली. रोजच्यासारखे चार बोंबील काढले, कोंडाजीसमोरून पुढं गेली आणि शिवदासच्या हातावर ठेवले. "ऱ्हा बाबा तू. आमचा जीव आता तुझ्या हातात."

शिवदासनं ते हातात जरा तोलले, मग कोंडाजीपुढं धरले.

"दादा, हे राहीवैनीकडं द्या. आणि जेवायला मी आहे म्हणून सांगा."