चार खळग्यांचा ट्रे

मी एक जुना लाकडी ट्रे आहे. दीड हात लांब, वीतभर रुंद, आणि पोटात ओळीने चार गोल खळगे. प्रत्येक खळग्यात एक छोटा ग्लास बसतो. मित्रांनो, त्या ग्लासांत बीअर असते. तुमच्यातल्या लहानांनी तिकडे डोकावू नये. तुमच्यासाठी माझ्याकडे फक्त वास आहे, आणि माझी गोष्ट वासाचीच आहे.

जन्माने मी पिंपाची फळी. एका शहरात नदीवरच्या पुलाजवळ एक पब आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत बीअर बनते. तिथल्या पिंपात मी अकरा वर्षे उभा होतो. धुरावर वाळवलेले धान्य पाण्याबरोबर आत येई आणि मग कित्येक दिवस आपल्याशीच कुजबुजत राही. म्हातारे मालक पिंपाला कान लावत आणि म्हणत, "अजून बोलतेय. राहू द्या." ते बोलणे कशाने सुरू होते आणि का थांबते, हे मला अकरा वर्षांत समजले नाही. धान्यपाण्याचे बोलणे कान लावून ऐकणारा माणूस मात्र मी पाहिला, आणि तेव्हापासून मला माणसांचे फार अप्रूप वाटते.

पुढे पिंप गळू लागले. बाकीच्या फळ्या चुलीत गेल्या. मला मालकांनी बाजूला काढले, रंधा मारून सपाट केले आणि चार खळगे कोरले. शहरात तेव्हा एक पद्धत होती. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने आमच्याकडून ट्रे न्यायचा. पहिला ग्लास आमच्याच बीअरचा. उरलेले तीन रिकामे ग्लास घेऊन शहरभर हिंडायचे आणि तीन पबांत एकेक भरून घ्यायचा. जिथली बीअर तिथेच बसून संपवायची. ट्रे वाटेत कुठेही धुवायचा नाही. तो परत आला की आमच्या मालकांनी स्वतःच्या हाताने कढत पाण्याने धुवायचा.

काय ते दिवस होते! अनोळखी माणसेही मला पाहून रस्ता दाखवत. पण म्हातारे मालक वारले, त्यांची मुलगी मालकीण झाली, आणि पाहुण्यांच्या हातात पबापबात शिक्के मारून घ्यायची कार्डे आली. कार्ड खिशात मावते. मी कुठे मावणार? कोपऱ्यातल्या एका टेबलाचा पाय किंचित आखूड होता. त्याच्याखाली मला सारले. चौथ्या खळग्यात टेबलाचा पाय घेऊन मी नऊ वर्षे काढली. त्या काळात मी फक्त बूट पाहिले.

एका शुक्रवारी दुपारी त्या टेबलाशी दोन जोड बूट आले. एक जोड पॉलिश केलेला, दुसरा चिखलाने माखलेला. हे दोघे साडू होते. थोरले चहाच्या कंपनीत चहा चाखायचे काम करत. त्यांनी 'बरा' म्हटले तरच चहाची पेटी पुढे जाई. धाकटे नळ आणि गटारे दुरुस्त करत. धाकट्यांची टोपी खाली पडली, ती उचलायला ते वाकले आणि मी त्यांच्या नजरेस पडलो.

"अहो बाई, हे काय आहे?" त्यांनी मालकिणीला विचारले.

तिने पद्धत सांगितली. "आता कुणी नेत नाही. कार्ड देऊ का?"

"कार्डाला काय चाटायचंय? हाच द्या," धाकटे म्हणाले.

मालकिणीने मला ओल्या फडक्याने पुसले, चार ग्लास बसवले आणि पहिला भरला. फिकट सोनेरी बीअर, वर बोटभर फेस. नऊ वर्षांनी माझ्या खळग्यात थंडावा उतरला. थोरल्यांनी ग्लास उजेडात धरला, नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "रंग चांगला आहे."

दुसरा पब तळघरात होता. बारा पायऱ्या उतरायच्या आणि शेवटच्या तुळईपाशी मान खाली घालायची. धाकट्यांनी ती घातली नाही, म्हणून त्यांच्या कपाळाला टेंगूळ आले. तिथे गव्हाची गढूळ बीअर मिळते. एप्रन बांधलेल्या जाड्या मालकाने ती तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी आणून दिली. थोरल्यांनी घोट घेतला तो 'सुर्र' असा आवाज करत, सगळे तळघर मागे वळून पाहील इतका. मग त्यांनी तो तोंडात घोळवला आणि शेजारच्या पितळी भांड्यात थुंकला. ते भांडे छत्र्या ठेवायचे होते. आत तीन छत्र्याही होत्या.

एप्रनवाला लालबुंद झाला. "आवडली नसेल तर सांगायचं साहेब. थुंकायचं नाही."

थोरले ओशाळले. धाकटे मध्ये पडले. "रागावू नका. हे चहा चाखतात. रोज तीनशे कप. गिळत बसले तर दुपारपर्यंत तरंगायला लागतील. तीस वर्षांची सवय आहे. आवडलं तरी थुंकतात."

"आणि नाही आवडलं तर?"

"तरी थुंकतात."

एप्रनवाल्याला हसू आवरेना. राग विसरून तो खुर्ची ओढून बसला. "मग जाणकार भेटला की हो. सांगा, काय काय लागलं जिभेला?"

थोरले ग्लासाकडे पाहत राहिले. सगळे तळघर त्यांच्या उत्तराची वाट पाहत होते.

"थंड आहे," ते शेवटी म्हणाले.

बाहेर आल्यावर दोघे उन्हात एका बाकावर बसले आणि मी थोरल्यांच्या मांडीवर. तिथे मला सगळे कळले. आठ महिन्यांपूर्वी तापात थोरल्यांना वास येणे बंद झाले होते. वास गेला म्हणजे चवही गेली. आठ महिने ते चहाचा रंग पाहून आणि शेजारच्या चाखणाऱ्याचा चेहरा पाहून 'बरा' किंवा 'नको' म्हणत होते. सोमवारी वर्षातला सर्वांत मोठा माल येणार होता. राजीनामा लिहून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता.

"ताईंना सांगितलंत?" धाकट्यांनी विचारले.

"नाही. तिच्या हातचं सगळं मी आठ महिने 'छान झालंय' म्हणत खातोय. काय सांगू?"

"माझ्या धंद्यात नाक गेलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते," धाकटे म्हणाले. मग हळूच म्हणाले, "साडूबुवा, अजून दोन दिवस आहेत. दोन ग्लास आहेत. पत्र सोमवारी द्यायचंय ना? मग रविवारपर्यंत ते खिशातच असू दे."

त्या रात्री मला लॉजच्या खिडकीत ठेवले होते. शहराची इतकी छपरे मी पहिल्यांदाच पाहत होतो. प्रत्येक छपराखाली माणसे, आणि प्रत्येक माणसाला एक नाक. तोवर मला नाक म्हणजे चष्मा टेकवायची जागा वाटे. एवढ्याशा दोन भोकांतून माणसाचे घर, जेवण आणि पोटापाण्याचा धंदा आत येतो, हे मला त्या रात्री समजले आणि मी थक्क झालो.

शनिवारी आम्ही जुन्या छापखान्यातल्या पबात गेलो. तिथली बाई ग्लास एकदम भरत नाही. थोडी बीअर ओतते, थांबते, फेस बसू देते, पुन्हा ओतते. तांबूस बीअर, आणि वर इतका घट्ट फेस की धाकट्यांनी त्यावर आगपेटीची काडी आडवी ठेवली आणि ती बुडाली नाही. आम्ही तिघेही त्या काडीकडे पाहत राहिलो. थोरल्यांनी घोट घेतला, या वेळी गिळला आणि म्हणाले, "रंग चांगला आहे."

"रंगावर किती दिवस काढणार?" धाकटे पुटपुटले.

रविवारी चौथ्या पबासाठी टेकडीवर, पाण्याच्या टाकीपर्यंत पायऱ्या चढाव्या लागल्या. धाकट्यांच्या नाकी नऊ आले. तिथली बीअर काळीकुट्ट होती. थोरल्यांनी ग्लास सूर्यासमोर धरला तेव्हा कडेला माणकासारखी लाल रेघ चमकली. खाली नदी, पूल, छापखान्याची चिमणी, सगळे शहर पसरले होते. थोरल्यांनी डोळे मिटून वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. मग ग्लास खाली ठेवला आणि कोटाचा खिसा चाचपला. धाकट्यांनी तो ग्लास उचलून संपवला.

दुपारी आम्ही पुलाजवळ परतलो. मालकिणीने काउंटरवर पॉलिशचा डबा आणि पॉलिशपेपर काढून ठेवला होता.

"तुम्ही नेलात म्हणून मीही याच्याकडे नीट पाहिलं," ती म्हणाली. "फार डागाळलाय. घासून लख्ख करते आणि भिंतीला लावते."

मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. भिंतीवरून माणसांचे चेहरे दिसतात. पण माझे डाग म्हणजे माझे सगळे आयुष्य होते, आणि ते घासू नकोस म्हणायला मला तोंड नव्हते.

आधी पद्धतीप्रमाणे धुणे. मालकिणीने किटली उचलली आणि पहिल्या खळग्यापासून कढत पाणी ओतायला सुरुवात केली. माझ्यातून वाफ उठली. थोरले ग्लास परत करायला पुढे वाकले होते. ते तसेच थांबले.

"काही जळतंय का इथे?" त्यांनी विचारले.

धाकट्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. "नाही हो. शेगडी बंद आहे."

थोरल्यांनी माझ्यावर नाक टेकवले. भांड्यावरून मांजराला उठवावे तसे धाकट्यांनी त्यांना खांद्याला धरून उठवायला पाहिले, पण ते हलेनात.

"धूर आहे," ते म्हणाले. "लाकडाचा धूर. आणि त्याच्याखाली भाजलेल्या धान्याचा गोडसर वास. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खळग्यात नाही. या पहिल्यात आहे."

"पहिल्यात तर शुक्रवारी यांची फिकट बीअर होती," धाकटे म्हणाले. "तिच्यात कुठला धूर?"

मालकिणीचा किटलीचा हात हवेतच राहिला. "नव्हता," ती म्हणाली. "धुराची बीअर माझे वडील करायचे. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. मला ती कधीच जमली नाही. शेवटी मी नाद सोडला."

मग तीही वाकली. बराच वेळ ती वर आलीच नाही. वर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते, आणि ते वाफेने झाले असे कुणालाही वाटले नाही.

धाकट्यांनीही नाक लावून पाहिले. "मला तर नुसतं ओलं लाकूड येतंय," ते म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे साडूबुवा, तुमचं नाक आलं की परत!"

"नाक नाही. एक वास आला."

"एक आला ना? पाहुणे कधी एकटे येतात का? बाकीचे येतील मागोमाग."

थोरले कोपऱ्यातल्या त्याच टेबलाशी बसले. मालकिणीने पॉलिशपेपर खणात टाकला, खण लावून घेतला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. "कशाचं लाकूड असेल, सांगता येईल?"

"आज नाही. थोडे दिवस द्या. मी पुन्हा येईन." मग ते धाकट्यांकडे वळले. "उद्या कंपनीत खरं काय ते सांगतो. बरा होईपर्यंत चहाच्या पेट्यांवर सही दुसऱ्याने करावी. पण त्याआधी आज घरी सांगतो."

असे म्हणून त्यांनी टेबलावर कोपर टेकले आणि टेबल डुगडुगले. त्याच्याखाली आता मी नव्हतो. थोरल्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून ते पत्र काढले, त्याच्या घडीवर घडी घातली, वाकले आणि ते आखूड पायाखाली सारले.

मित्रांनो, मी आता भिंतीवर आहे, डागांसकट. महिन्यातून एकदा मालकीण मला खाली काढते, पहिल्या खळग्यात कढत पाणी ओतते आणि डोळे मिटून उभी राहते. मागच्या खोलीत धुरावर वाळवलेल्या धान्याचे एक पिंप पुन्हा कुजबुजू लागले आहे. तुमच्या घरात एखादी जुनी, डागाळलेली वस्तू असेल, तर ती घासायला घेण्याआधी एकदा नाकाशी धरा. कुणाचे काय तिच्यात राहिले असेल, ते तिला सांगता येत नाही.

कोपऱ्यातल्या त्या टेबलाखाली पत्र अजून आहे. टेबल आता डुगडुगत नाही.