वीस मिनिटं

“मॅडम, यानं मधीच हात उचलला. फोनवर बोलत व्हता,” सहदेवदाजी म्हणाले. माझ्याकडे नाही, छताकडे बघत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलअक्काचे यजमान. परवा दुपारी त्यांच्या हृदयाच्या नसेत स्प्रिंग बसवली, जांघेतून नळी घालून. नळी काढली की त्या जागेवर वीस मिनिटं हात दाबून धरायचा, हे माझं काम. खालापूरच्या या दवाखान्यात अकरा वर्षं मी तेच करतोय. घाम डोळ्यांत उतरो की हाताला मुंग्या येवोत, भिंतीवरचं घड्याळ सांगेपर्यंत हात हलत नाही. फोन तर मी लॉकरमध्ये ठेवतो. कर्जतहून दाजींना इथं मीच आणलं होतं, घरचं माणूस डोळ्यांसमोर राहील म्हणून. आणि हा माणूस सांगतो, मी फोनवर होतो.

खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक. रात्रीपर्यंत पाय दुमडायचा नाही, जेवायचंही पडूनच, असं मी दहादा बजावलं होतं. त्याच संध्याकाळी अक्का पाणी आणायला गेली आणि या गृहस्थांनी पडदा ओढून चक्क मांडी घातली. समोर भाकरी आणि वालाची उसळ.

“दाजी, हे काय?”

“झोपून जेवाया मी काय मढं हाय रं?”

मी त्यांना आडवं केलं. पट्टी कोरडी होती, तरी पुन्हा वीस मिनिटं दाबून धरलं. तेव्हा माझं मनगट धरून म्हणाले, “रोहिदास, मॅडमला सांगू नको. विमलला तर नायच नाय. जीव खाईल ती माझा.” मी गप्प बसलो. घरचं माणूस म्हणून बसलो, दुसरं काय.

आज जांघेत लिंबाएवढी गाठ ठणकत होती. नसेचं छिद्र बुजलं नव्हतं, बाहेर रक्ताची पिशवी धरली होती.

“पूर्वी यासाठी ऑपरेशन करावं लागायचं,” डॉक्टर सुरभी मॅडम अक्काला म्हणाल्या. “आता सोनोग्राफीत बघून एक इंजेक्शन दिलं की बहुतेक भागतं.”

भागलंही. सुई गेली आणि पडद्यावर गरगरणारं रक्त बघता बघता थिजलं. दाजी वाचले, याचा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू.

बाहेर आल्यावर अक्कासमोरच मी मॅडमना दाजी मांडी घालून बसल्याचं सगळं सांगितलं.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“घरचं माणूस, मॅडम,” मी म्हणालो.

“उद्यापासून दाबायचं काम झिनत सिस्टर करतील. तू फक्त ट्रॉली बघ.” आवाजही चढवला नाही त्यांनी.

मी अक्काकडे बघितलं. “तुला तरी पटतं का गं हे?”

“मरणाच्या दारातनं आलेला माणूस खोटं बोलंल का रं?” ती म्हणाली. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली बहीण.

दाजींना ट्रॉलीवरून वॉर्डात मीच नेलं. इंजेक्शननंतरही पाय सरळच ठेवायचा होता. पण त्यांना डुलकी लागली आणि गुडघा हळूहळू वर यायला लागला. सवयीनं मी पुढे झालो आणि तो खाली दाबून धरला. दाजींनी डोळे उघडले, मला बघितलं आणि परत मिटून घेतले.

“तू नको हात लावू,” अक्का म्हणाली. “त्या सिस्टरला बोलव.”

मी हात उचलला. गुडघा पुन्हा वर यायला लागला. मी पळत झिनत सिस्टरला बोलवायला गेलो.